मोगऱ्यांची पाटी

२००२ साली फरार दरोडेखोर सुदाम मोगरेवर पेपरात लिहायचं म्हणून मी त्याची वंशावळ काढायला घेतली. विंचूरच्या सातबाऱ्यावर भाऊ, चुलते सापडले; पण पुढे सरकारी गॅझेटात एकेकानं आडनाव बदललेलं. कुणी पाटील झालेला, कुणी विंचूरकर. सुदामच्या बायकोनंही मुलांना माहेरचं नाव लावलेलं.

मतदार यादीत मोगरे म्हणून एकटा बापच उरला होता, रंगनाथ. गावानं हाकलल्यावर तो पंचवटीत भाड्याच्या खोलीत राहायला आला होता.

गल्लीत शिरून मी विचारलं, "मोगरे कुठं राहतात हो?" तोच समोरचं दार धाडकन उघडलं. मला पाहून म्हातारा क्षणभर तसाच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "या."

दारावर ठळक अक्षरांत आडनावाची पाटी. याला काही लाज आहे की नाही, असंच माझ्या मनात आलं.

"बाबा, सगळ्यांनी नाव बदललं. तुम्ही का नाही बदललं?"

उपरण्यानं पाटीवरची धूळ पुसत तो म्हणाला,



"ही खोली त्यानं पाह्यलेली नाय, भाऊ. आला कधी, तर काय नाव घेऊन विचारील?"