गौरींना घरचं माणूस

"सप्टेंबरात? अगं, तेव्हा गौरी असतात!" केनियाच्या नकाशावरून माझं बोट बाजूला सारत हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. जुलै नको, का तर घराला ओल येते. ऑगस्ट नको, का तर मित्राची एकसष्टी. तिथल्या विल्डबीस्ट हरणांचे कळप काय यांची सवड बघून नदी ओलांडणार होते? आणि पुढे किनाऱ्याजवळच्या जंगलात गेदीचे अवशेष, प्रवाळाच्या दगडांनी बांधलेलं जुनं गाव. ते बघायला मी कधीची आसुसले होते.

"यंदा गौरी धाकट्या भावजींकडे बसतील. मी जाऊबाईंशी बोलले," मी म्हटलं.

"भलतंच! आपल्या गौरी याच घरात बसतात. पुरणाचा नैवेद्य, सोळा भाज्या, सगळं घरच्या माणसाच्या हातचं लागतं."

हे मात्र पटण्यासारखं होतं. मी तिथल्या तिथे ट्रॅव्हल्सवाल्यांना फोन लावला. "सप्टेंबरचंच पक्कं करा. पण दोन नकोत, एकच तिकीट."

"एकच?" हे खुर्चीतून उठलेच.

"मग? घरचं माणूस नको का गौरींना?" मी नकाशाची घडी घातली. "पुरणयंत्र वरच्या फळीवर आहे. भाज्या आदल्या दिवशीच निवडून ठेवा."