कच्चं फिलिंग

हिरडी बधिर झाली आणि डॉक्टरीणबाईंनी त्याच्या दाढेतलं फुटकं फिलिंग उकरायला घेतलं. लवंगेचा वास आला. परक्या देशातल्या त्या पांढऱ्या खोलीत बाबा येऊन उभे राहिले होते.

दातांच्या औषधात लवंगेचं तेल असतं, हे त्याला ठाऊक होतं. दातांच्या डॉक्टरचाच मुलगा तो. बाबांच्या बोटांना, शर्टाला हाच वास यायचा. पण बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, आणि हा तर त्यांच्या हातचा वास होता, इतके दिवस दाढेत कोंडलेला.

तो इकडे यायला निघाला त्याच्या आदल्या दिवशी बाबांनी त्याला दवाखान्यात बोलावलं. आई गेल्यापासून घरात दोघंच. बोलणं आधीच कमी, त्यात हा आ वासून बसलेला. बाबा म्हणाले, "कीड आहे. आता वेळ नाही, कच्चं भरून देतो. सहा महिन्यांत ये, पक्कं भरू."

सहा महिन्यांची दोन वर्षं झाली. सुट्टी मिळाली की तिकीट परवडेना, तिकीट परवडलं की सुट्टी मिळेना. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत! दर रविवारी बाबा फोनवर एकच विचारत, "दाढ दुखते का रे?"

"अजिबात नाही, बाबा. तुमचं काम एकदम पक्कं!" त्याला वाटे, म्हातारा खूश होईल. पलीकडे मात्र बाबांचा आवाज उतरायचा. मग हळूच, "बरं. नीट चावून खा."

शेवटच्या रविवारीही हेच बोलणं झालं. त्याच आठवड्यात शेजारच्या काकांचा फोन आला. रजा मंजूर होईपर्यंत तिकडे सगळं आटोपलं होतं. आता कुणासाठी जायचं, म्हणून तो गेलाच नाही. तेव्हापासून रविवार आला की त्याला तो प्रश्न ऐकू येई. फोन बंद ठेवला तरी ऐकू येई. आणि गेल्या रविवारी दाढ खरंच दुखली.

डॉक्टरीणबाई थांबल्या. "हे कुणी भरलं?"

"वडिलांनी. डेंटिस्ट होते."

"हात फार सफाईचा आहे. पण हे बघा." त्यांनी आरसा धरला. "कीड लागते ती दाढेच्या खाचेत. हे भोक उंचवट्यावर आहे. आत कुठे डागसुद्धा नाही. चांगल्या दाढेला भोक पाडून त्यात मुद्दाम कच्चं सिमेंट भरलंय. काही महिन्यांत पडावं असं."

तो आरशात बघत राहिला. दात एकदा कोरला की पुन्हा भरून येत नाही, हे बाबांचं पालुपद होतं. पेशंटने हातपाय जोडले तरी धडधाकट दाताला ते हात लावत नसत.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. डॉक्टरीणबाई घाबरल्या. "दुखतंय का?"

जबड्याचं लाकूड झालं होतं. तरी तो बोलला, त्यांना न कळणाऱ्या आपल्या भाषेत.

"हो बाबा. खूप दुखतंय. येतो मी."