पिळतानाची ठकठक

मशीन कपडे पिळायला लागलं की ठकठक ऐकू यायची. मेकॅनिकने फिल्टर साफ केला, पाय फिरवून मशीन समपातळीत आणलं, रिकामा ड्रम चालवून पाहिला.

"मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. ठकठक होतीच.

गेल्या वर्षी बाबा बाथरूममध्ये पडले आणि तिथेच गेले, तेव्हाही मशीन चालू होतं. त्यांनी दार ठोठावलं असणार. मला वाटलं, मशीनच वाजतंय. मी टीव्हीचा आवाज वाढवला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मेकॅनिकने प्लग काढला. मशीन थांबलं, ठकठक थांबली नाही.

"साहेब, आधी बाथरूमचं दार उघडा," तो म्हणाला. "काका केव्हाचे हाका मारताहेत."

घरात आम्ही दोघंच होतो. तरी मी धावलो.

दाराला आतून कडी होती.