रिकाम्या हातानं

"वैनी, कुठं निघालात?" अर्जुनरावांनी फटफटी आडवी लावली.

"कुठंच न्हाई, भाऊजी."

झालं! इथंच गाडं घसरलं. छबुबाईच्या डोक्यावर घागर नव्हती, हातात खुरपं नव्हतं, काखेत पिशवी नव्हती. चकलांब्यात दिवस मावळताना बाई अशी रस्त्याला लागली की कारणं दोनच: कुणी तरी गेलं, न्हाईतर घरात वाजलं. गावात तर कुणी गेलेलं नव्हतं.

आता आशाताईनंच समाजमंदिरात बायांना बजावलं होतं, "साखरवाल्यांनी रोज अर्धा तास चाला. वझं न्हाई, काम न्हाई, नुसतं चाला." ऊसतोडीत जन्म गेलेल्या छबुबाईला नुसतं चालणं म्हंजे काय तेच उमगंना. पण साखरंनं शेजारणीचा पाय कापावा लागला, तेव्हापासून तिनं धसका घेतला होता.

"सुनंनं काढलं न्हवं भायेर?"

"अवो न्हाई, शुगर हाय म्हणून..."

"झाकू नका. बसा मागं!"

दिराला न्हाई कसं म्हणायचं? बसली बिचारी.

दारात उतरताच अर्जुनराव कडाडले, "काय गं वनमाला, सासूला या वयात रस्त्यावर सोडती व्हय?"

पिठाच्या हातानं वनमाला बाहेर आली. चपला पुढं ठेवून सासूला बळंच फिरायला धाडणारी तीच. गल्लीतल्या बाया दारादारात उभ्या. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

छबुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगा अंगद गुणाचा, सून लाखात एक, अन् आपल्यापायी तिच्या नावाला बट्टा! बरं, घरी बसावं तर पाय जायचा. करावं तरी काय माणसानं?

दुसऱ्या दिवशी तोड वनमालानंच काढली. "आत्या, मी येते संगं. दोघी हसत-बोलत गेलो तर कोण कशाला नावं ठेवंल?"

पटलं. निघाल्या दोघी. पुलापर्यंत पोचल्या. छबुबाईला बरंही वाटाय लागलं होतं, तेवढ्यात मागून फटफटीचा आवाज आला.

अर्जुनरावांनी एकदा सासूकडं बघितलं, एकदा सुनंकडं. दोघींचे हात रिकामे. त्यांनी गाडी बंद केली अन् आवाज अगदी खाली आणला.

"अंगद प्यायला लागला का?"

अर्जुनरावांनी टॉवेलानं मागची सीट पुसली.

"बसा. दोघीबी बसा. आज त्याचीच चामडी सोलतो."