गावाचं नाव काढलं

शेळगावचं नाव काढलेल्या मंडळींचा सत्कार १९९६ साली शाळेच्या पटांगणात ठेवला होता. व्यासपीठावर बसलेल्या सावळाराम गुरुजींचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. पहिलाच सत्कार शास्त्रज्ञ झालेल्या नागेशचा होता. आई साखरबाईबरोबर मेंढरांमागं फिरतो, सारखा गैरहजर राहतो, म्हणून चौथीत गुरुजींनीच त्याचं नाव पटावरून कमी केलं होतं. मग तो सांगवीला मामाकडं राहून शिकला.

आज तो हे सगळ्या गावासमोर बोलणार, असं गुरुजींनी धरूनच ठेवलं होतं.

पण माइक हातात घेऊन नागेश म्हणाला, "मी घडलो तो सावळाराम गुरुजींमुळं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुजींची मान काही वर होईना.

कार्यक्रम संपताच त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "नागेश, खोटं का बोललास रे?"

"गुरुजी, आपल्या मेंढरांपायी पोराची शाळा सुटली, हे आईला सोसलं नसतं. तुमीच मला सांगवीच्या चांगल्या शाळंत धाडलं, असं मी तिला तवाच सांगितलंय."



तेवढ्यात पहिल्या रांगेतून साखरबाई उठली आणि पदर सावरत त्यांच्या पाया पडायला पुढं आली.