तेलाची काठी

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. कोरीट गावच्या भटू पाटलांची नवी डिझेल लॉरी नवापूरच्या जंगलातून लाकूड आणायची. ड्रायव्हर डिझेल चोरेल म्हणून पाटील प्रत्येक खेपेनंतर स्वतः टाकीत बांबूची काठी बुडवून खुणांवर तेल मोजत.

"आबा, तीन खेपा व्हयन्यात, तरी तेल घटी नही ऱ्हायनं," ड्रायव्हर सलाउद्दीन म्हणाला. त्याचे डोळे जागून लाल झाले होते. "गाडी इकी टाका."

"येडा शे का? इतलं कमी तेल खानारं इंजिन कोन इकस?"

भर उन्हात पाटलांनी काठी टाकीत सोडली. टाकी हातभर खोल, काठी दोन हात लांब. तरी शेवटची खूणही आत गेली आणि पाटलांची बोटं टाकीच्या तोंडाला टेकली.

मग खालून कुणीतरी काठी हळूच ओढली.