श्वासाच्या जागा

“माझा आवाज बंद केलास का गं?” फिंटनने पडद्यावरून विचारलं.

“केला. दर रविवारी काय विचारतोस? मी काय तुझ्यासारखी वेंधळी आहे?” ब्रीडीने हेडफोनच्या वायरीवरचं चाक शून्यावर आणलं आणि पत्र्याची बासरी ओठांना लावली.

डोनल मास्तरांचा बासरीचा ऑनलाइन वर्ग नुकताच सुटला होता. बावीस शिकाऊ माणसं, सगळ्यांचे आवाज बंद, ऐकू येणार ते एकटे मास्तर. चुका ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात राहायच्या, त्यामुळे कुणी लाजत नसे. वर्ग सुटला की हे दोघे भाऊबहीण मागे थांबत. ती गावी किलरशला, तो अमेरिकेत बॉस्टनला. ती सत्तरीची, तो पासष्टीचा. वडील हयात असताना दोघांनीही कधी बासरीला हात लावला नव्हता, आणि आता वडिलांचीच एक चाल त्यांना वाजवायची होती. धारा काढून झाल्या की ते गोठ्याच्या दारात बसून वाजवायचे, ती. ऑगस्टमध्ये कबरींचा रविवार असतो. सगळं गाव आपापल्या माणसांपाशी जमतं. त्या दिवशी वडिलांच्या दगडापाशी दोघांनी शेजारी उभं राहून वाजवायचं, असं ठरलं होतं. तेवढ्यासाठी फिंटन अकरा वर्षांनी घरी यायचा होता. ब्रीडीने मागची खोली रंगवूनही ठेवली होती.

समुद्रापार आवाज पोचायला जरा उशीर होतो. मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “एकाने पुढे वाजवायचं आणि दुसऱ्याचा आवाज आपल्या कानात बंद ठेवायचा. दुसऱ्याने ऐकत मागून यायचं. तो तुमच्यासाठी थांबणार, तुम्ही त्याच्यासाठी थांबणार, असं करत बसलात तर चाल मेलीच म्हणून समजा.”

पुढे नेहमी ब्रीडीच असे. फिंटनला दोन्ही बासऱ्या ऐकू येत, तिला फक्त स्वतःची. याचा तिला मनापासून हेवा वाटे. पण त्याची बोटं तिला दिसत, आणि त्या बोटांनी आजवर एकही भोक चुकवलं नव्हतं. श्वास तेवढा तो भलत्या ठिकाणी घ्यायचा, दर चार सुरांनी.

“बोटं बाबांची आणि श्वास त्यांच्या गाढवाचा,” ती म्हणायची.

तो हसायचा. फार बोलत नसे. अमेरिकेने याची जीभ आखडली, असं ती शेजारणीला सांगायची.

“एकदा तू पुढे हो ना रे,” असं तिने दोनदा म्हणून पाहिलं होतं.

“मी अजून कच्चा आहे. ऑगस्टला समोर उभं राहून ऐक.”

मेमधल्या एका रविवारी ब्रीडीने भट्टीत पाव ठेवला होता. वर्ग सुटता सुटता जळका वास आला, ती धावली, पाव बाहेर काढला, हात फडक्याला पुसत परत येऊन बसली. त्या गडबडीत वायरीवरचं चाक फिरवायचं राहून गेलं.

“केलास का बंद?”

“केला रे बाबा,” ती सवयीने म्हणाली आणि वाजवू लागली.

दोन ओळी झाल्या तरी तिच्या लक्षात आलं नाही. मग कानात घरघर ऐकू आली. आधी तिला वाटलं, हेडफोन बिघडला. तिने पडद्याकडे पाहिलं. फिंटनच्या ओठांना बासरी होती. बोटं सुरेख चालली होती, उघडत होती, मिटत होती, एकही भोक चुकत नव्हतं. आणि त्या बासरीतून काहीही येत नव्हतं. साधी फुंकरसुद्धा नाही. येत होती ती त्याच्या छातीची घरघर. थोडी चाले, अडखळे, पुन्हा चाले. वडिलांची छाती शेवटच्या हिवाळ्यात अशीच वाजायची. त्यांनी बासरी फडताळात ठेवली ती त्याच हिवाळ्यात. पुढचा ऑगस्ट त्यांनी पाहिला नाही.

ब्रीडीची बोटं चालत राहिली, ती कशी कोण जाणे. चाल संपली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

“काय झालं गं?”

“पाव जळला,” ती म्हणाली. “धूर झालाय घरभर.”

“मला वाटलं, मी इतकं छान वाजवलं म्हणून.”

“तू वाजवलंस ते मला कुठे ऐकू येतं?”

विचारलं असतं तर तो खरं बोलला असता. लहानपणापासून तिच्याशी खोटं बोलणं त्याला समोरासमोर जमलंच नव्हतं. पण खरं बोलून झाल्यावर पुढच्या रविवारी तो कुठल्या तोंडाने बासरी धरणार? आणि तिला तर तो हवा होता, जितके रविवार असेल तितके. त्या रात्री तिने मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

पुढच्या रविवारी त्याने विचारलं तेव्हा तिने चाकावर नुसता अंगठा ठेवला. फिरवलं नाही. त्याचा श्वास जिथे संपे, तिथे तीही सूर सोडून श्वास घेऊ लागली. त्याचा पुढचा श्वास समुद्रावरून येईपर्यंत थांबू लागली. चार सुरांनी, मग तीन सुरांनी. मास्तरांनी जे करू नका म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच. चाल दर आठवड्याला जड होत गेली. जुलै उजाडला तेव्हा चालीचं नाचरेपण पार गेलं होतं, पण दोघांचा श्वास एकदाही मागेपुढे होत नव्हता.

जुलैच्या शेवटच्या रविवारी फिंटनने बासरी खाली ठेवली.

“हल्ली फार सावकाश वाजवतेस, ब्रीडी,” तो म्हणाला. “कुणासाठी थांबतेस?”

“कुणासाठी थांबणार?” ती म्हणाली. “मला तर काहीच ऐकू येत नाही.”